पोशीचा बांध

पायातलं काढा आधी. हो, दुर्बीणवाले, तुम्हीसुद्धा. बूट त्या दगडावर ठेवा, कुणी नेणार नाही. आमच्या खारवेढ्यात एवढ्या मापाचे पाय कुणाचे नाहीत. इथून पुढं अनवाणी जायचं, हा गावाचा नियम आहे. लग्नाची वरात या वाटेनं जाते तेव्हा नवरदेवसुद्धा मोजड्या काखेत मारतो. मागे एक साहेब गाडीतून आले होते, म्हणाले, मोजे चिखलानं भरतील. म्हटलं, मग बसा गाडीत, बगळे काचेतूनही दिसतात.

हा मोठा बांध. गावापासून निघतो तो थेट समोरच्या टेकडीला जाऊन भिडतो. टेकडीला आम्ही टेंभा म्हणतो. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला आमची खारी शेतं. भरतीला डावीकडचं पाणी शेतापेक्षा वर असतं, हे लक्षात घ्या. मधे फक्त ही माती. ना सिमेंट, ना लोखंड. आणि मातीच्या अंगावर ही वेल. खाली वाकून बघा, नुसतं हिरवं हिरवं म्हणून पुढं जाऊ नका. नखाएवढी पानं, त्यातून बोटभर देठ वर आलेला, देठाच्या टोकाला जांभळट बोंड आणि बोंडाभोवती बारीक पांढऱ्या फुलांचं कडं. पुस्तकात हिला जलपिंपळी म्हणतात. आम्ही पोशी म्हणतो.

तुम्ही विचारलंत, ही इथं आपोआप आली का. नाही आली. लावलेली आहे. एका बाईनं लावली, असं सांगतात. मी पाहिलेलं नाही, माझ्या आज्याच्या आज्यानंही पाहिलेलं नसेल. आम्हाला जसं सांगितलं तसं सांगतो. पदू भोईर नाव माझं. आमची बोली तुम्हाला निम्मी कळायची नाही, म्हणून शाळेत शिकलो तसं बोलतो. मधे मधे बोलू नका, आणि फोटो नंतर काढा.

तर फार पूर्वी, म्हणे, हा बांध सारखा फुटायचा. बांध फुटून पाण्याला जी वाट पडते तिला खांड म्हणतात. एक साल जरा बरं गेलं की पुढच्या साली खांड ठरलेली. श्रावण-भादव्यातल्या अवसेला आमच्याकडे मोठी भरती येते, ती ऐन दुपारी. शेतात भात पोटरीला आलेलं असतं, आणि त्याच वेळेला खाडी आत येते. खारं पाणी एकदा शिरलं की ते पीक गेलंच, वर पुढचे एकदोन पावसाळे माती धुण्यात जातात. मग गावानं खायचं काय? चिखलातली निवटी मासळी, आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. माणसं उठून वरच्या गावांना गुरं राखायला जाऊ लागली. असंच चाललं असतं तर आज खारवेढं नावाचं गाव नसतं.

बरं, गाव आळशी म्हणावं तर तसंही नाही. बांधाची निगा जीव ओतून राखत. बांधावर गवताची काडी उगवू द्यायची नाही, ही इथली रीत. मुळं मातीला तोंडं पाडतात आणि त्या तोंडांतून खाडी आत येते, असं जुन्यांचं म्हणणं. त्यामुळे पावसाळ्यात सगळं गाव कोयते-खुरपी घेऊन बांध तासायला उतरायचं. तासून झाला की बांध पाट्यासारखा गुळगुळीत दिसायचा, आणि शेजारच्या गावचे लोक तोंडात बोट घालायचे. इतका स्वच्छ बांध साऱ्या खाडीवर नव्हता, आणि इतक्या वेळा फुटणाराही नव्हता. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात, हे कुणाला सुचलं नाही. हसू नका, तुम्हालाही सुचलं नसतं.

शेवटी गाव गावदेवीच्या पायरीवर जाऊन बसलं. तेव्हा कौलाशिवाय इथं पान हलत नसे. मूर्तीच्या उजव्या-डाव्या खांद्याला ओली कळी लावायची, प्रश्न विचारायचा आणि बसायचं. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न ठरवायचं, कौल. होडी पाण्यात लोटायची, कौल. म्हैस विकायची तरी कौल. तर भगतानं विचारलं, बांध माणूस मागतो आहे का? आणि म्हणे उजवी कळी पडली.

आता माणूस द्यायचा म्हणजे कुणाचा? आयांनी पोरं पदराखाली घेतली.  आणि मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी जाऊन थांबल्या. तिथं पोशी बसली होती.

पोशी म्हणजे पोसलेली. तिचे आईबाप ती अंगावर पीत होती तेव्हाच तापानं गेले. गावानं तिला पाळीनं वाढवलं, आज ह्या घरी, उद्या त्या घरी. जिथं जेवायची तिथली भांडी घासायची, पोरं खेळवायची, आणि रात्रीला पडवीत निजायची. सगळ्या घरांची होती, म्हणून कुठल्या एका घराची नव्हती. पण तोंडानं भारी बोलकी, असं सांगतात. कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या चुलीवर आज जिताडा शिजतोय, हे गावाला पोशीकडून कळायचं. एका घरची बातमी दुसऱ्या घरी पोचेपर्यंत तिला घास गोड लागत नसे. म्हाताऱ्या तिला रागावायच्या, आणि ती आली नाही तर वाटही बघायच्या.

गावकीचा मुख्य हसुराम पाटील. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं. त्याच्याच बायकोनं पोशीला आपलं दूध पाजून जगवलं होतं. त्याची सून येसू ही पोशीच्या वयाची, दोघींचं गूळपीठ. तेव्हा पाटलाच्या तोंडून पोशीचं नाव निघेना. कुणाच्याच निघेना. नजरा मात्र हलत नव्हत्या.

पोशी उठली आणि देवीपुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या सगळ्यांचं मीठ खाल्लंय, मी जाते. पण मेलेली बाई बांध काय राखणार? देवीला विचारा, जिती चालेल का."

भगतानं कळ्या लावल्या. उजवी पडली. गावाचा जीव भांड्यात पडला. ठरलं की पोशीला बांधाला द्यायची. तिनं टेंभ्याच्या टोकाला खोपटं बांधून राहायचं, बांधाची राखण करायची, जन्मभर.

इथपर्यंत सगळं देवीला विचारून झालं. इथून पुढं गावानं आपलं डोकं लावलं. देवळाच्या पायरीवरच कुणीतरी म्हणालं, देवाला सोडलेल्या बोकडाला कुणी हाक मारतो का? दावं लावतो का? दुसरा म्हणाला, खरंय, हिला हाक मारली तर हिला घराची ओढ लागेल. ओढ लागली तर ही परत येईल. परत आली की देवी म्हणेल, दिलेलं काढून घेतलंत, आणि बांध गेला. असं एकाला एक जोडत गेले. पोशीशी बोलायचं नाही. तिला शिवायचं नाही. तिच्या नावानं हाक मारायची नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पाटलानं मान हलवली, मग सगळ्यांनी हलवली. पोशीनंही हलवली, म्हणतात. तिला तेव्हा कळलं नसेल आपण कशाला हो म्हणतोय ते.

तिला मारली असती तर गाव एकदा रडून मोकळं झालं असतं. हे त्याहून वाईट झालं. रोज एका घरची बाई बांधाच्या गावाकडच्या टोकाला यायची, एका सपाट दगडावर भाकर, कालवण आणि पाण्याचं मडकं ठेवायची, आणि तोंड फिरवून निघून जायची. ती पार गेली की पोशीनं यायचं आणि घेऊन जायचं. पहिल्या पावसाळ्यात पोशी लवकर यायची, दगडापासून थोडं लांब उभी राहायची, कुणाचा चेहरा दिसतो का बघायला. मग गावच्या बायका डोक्यावरून पदर पुढं ओढून येऊ लागल्या. त्यांनाही जड जातच असणार. पण नियम म्हणजे नियम.

राखण ती चोख करी. चिंबोऱ्यांनी पाडलेली भोकं ओल्या चिखलानं बुजवायची, ढासळलेली माती थापायची, उगवलेलं तासून काढायचं. बाई दिवसभर बांधावर असल्यावर बारीक भोक मोठं होईलच कशाला? त्या साली बांध टिकला. पुढच्या सालीही टिकला. गावाला वाटलं, बघा, देवी पावली, आपण मुकाट राहिलो म्हणून पावली. नियम आणखी घट्ट झाला.

पोशीला गावची बातमी कळायची ती अन्नातून. आंबट जास्त लागलं की ते येसूचं. मीठ कमी पडलं की ते अमक्या घरचं. कधी ढोल ऐकू यायचे, तेव्हा कुणाचं तरी लग्न आहे एवढं कळायचं, कुणाचं ते नाही. एका सालात शिमग्याच्या थोडं आधी सकाळीच गावातून रडण्याचा आवाज आला. सगळ्या बायका मिळून रडत होत्या. पोशी बांधावर उभी राहिली. कोण गेलं ते तिला कळेना. रडणं ऐकू येतंय आणि मेलेलं माणूस कोण ते ठाऊक नाही, म्हणजे आपण रडायचं कुणासाठी? ह्याच्यासारखं दुसरं दुःख नाही. दुसऱ्या दिवशी दगडावर भाकर आली, तेव्हा तिनं म्हणे ती हुंगून बघितली, कुणाच्या हातची नाही ते कळावं म्हणून. त्यातून काही कळलं नाही.

ही वेल त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आली. कुठूनतरी गोड्या पाण्याच्या ओहोळातून एक फाटा वाहत आला आणि बांधाच्या खाडीकडच्या अंगाला अडकला. पोशीनं तो तासून टाकला. पेराचा तुकडा मातीत राहिला असणार, तो परत फुटला. परत तासला. परत फुटला. जित्याची खोड म्हणतात ती ही. मग एका सकाळी ती खुरपं घेऊन बसली तर बोंडावर पांढरी फुलं उघडलेली, आणि त्यावर एक निळं, बोटाच्या पेराएवढं फुलपाखरू. ते उडून जाऊ दे, मग कापू, असं म्हणून ती थांबली. ते उडालं तर दुसरं आलं. मग एक मधमाशी आली. तिच्याकडे आपणहून कुणी येऊन बसलं, असं किती दिवसांत झालं नव्हतं. तिनं खुरपं खाली ठेवलं.

भ्याली होती ती. गावच्या जुन्या रितीविरुद्ध आपण बांधावर तण राखतोय, देवीचा अपराध करतोय, असंच तिला वाटत होतं. एवढाच तुकडा ठेवते, तोही खाडीच्या अंगाला, गावातून दिसत नाही तिथं, अशी तिनं देवीची माफी मागितली. आणि माफी मागताना तिच्या ध्यानात आलं की आपला आवाज निघतो. माणसांशी बोलू नको म्हटलं होतं. वेलीशी बोलू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती वेलीशी बोलू लागली. काय बोलणार? आज भाकर जाड होती. पाटलाच्या दारात लांबून लाल लुगडं वाळताना दिसलं, येसूचंच असेल. एवढीशी बातमी, पण सांगायला कुणी मिळालं.

मग तिनं त्या वेलीचं जे केलं ते बघून आम्ही अजून तसंच करतो. ही वेल जमिनीवर सरपटते, आणि तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटायची इच्छा असते. पण पेर हवेत अधांतरी राहिलं तर ते वाळतं. पोशी एकेक पेर अंगठ्यानं ओल्या चिखलात दाबायची, वर चिमूटभर माती टाकायची आणि पुढच्या पेराकडे जायची. लांब गेलेले फाटे तोडून उघड्या जागी लावायची. नव्या पेरावर पाय पडू द्यायचा नाही, मूळ सुटतं. शेळ्या टेंभ्यावरून उतरायच्या, त्यांना तिवराच्या काटक्यांचं कुंपण केलं. चैत्र-वैशाखात स्वतःच्या मडक्यातलं अर्धं पाणी वेलीला. पहिल्या उन्हाळ्यात तरी वेल करपलीच, पार तांबडी पडली. पोशीला वाटलं, मेली. तिनं तिच्याजवळ बसून मोठ्यानं गळा काढला. ज्याचं नाव ठाऊक नव्हतं त्या मेलेल्या माणसाचं रडणंही तिनं तेव्हाच रडून घेतलं असेल, असं माझी आई सांगायची. पण उपटली नाही, हे तिचं शहाणपण म्हणा की आळस. मृगाच्या आधी दमट वारा सुटला आणि करपलेल्या काड्यांच्या बुडातून हिरवे डोळे फुटले.

असे किती पावसाळे गेले? कुणी बारा म्हणतं, पण कथेत सगळीकडेच बारा असतात. येसूची थोरली मुलगी चूल सांभाळण्याजोगी झाली, एवढी वर्षं गेली. तेवढ्यात वेलीनं बांधाचं खाडीकडचं सगळं अंग भरून टाकलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाटा तिथंच येऊन आपटत, आणि माती जागची हलत नसे. गावाला यातलं काही दिसत नव्हतं. पीक येत होतं, कोठारं भरत होती, आणि लोक म्हणत होते, मौनाचं फळ आहे.

मग वेल बांधाच्या माथ्यावर चढली आणि गावाच्या बाजूला उतरू लागली. श्रावणात हसुराम पाटील शेतावर आला, वर बघतो तर बांध हिरवा. त्याच्या पायाखालची वाळू सरकली. जिला राखणीला ठेवली तिनंच बांध तणाला दिला, म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं. अवस तोंडावर आलेली. तिला विचारायची सोय नाही, कारण बोलायचं नाही. त्यानं गाव गोळा केलं आणि सगळे कोयते-खुरपी घेऊन बांधावर चढले. गावाकडच्या टोकापासून तासत निघाले. मुळं घट्ट होती, ओढून काढावी लागली, मातीचे गड्डे घेऊन निघाली.

पोशी टेंभ्याकडून धावत आली. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांचा नियम, तिनंही मोडला नाही. ती बांधाच्या माथ्यावर आडवी बसली, वाट अडवून. बांध अरुंद, बघताय ना तुम्ही. तिला ओलांडल्याशिवाय किंवा उचलल्याशिवाय पुढं जाता येईना, आणि शिवायचं तर नाहीच. ज्या नियमानं तिला एकटी पाडली त्याच नियमानं त्या दिवशी तिची अर्धी वेल राखली. माणसं समोर उभी राहिली. ती बसून राहिली, दोन्ही हात मागं वेलीवर टेकून.  शेवटी पाटील मागं वळला, आणि गाव मागं वळलं. गावापासून तिच्या पायापर्यंत बांध तासलेला, आणि तिच्या पाठीमागं टेंभ्यापर्यंत हिरवा.

अवसेला ऐन दुपारी भरती आली, वर वारा. तासलेल्या अर्ध्या बांधाची माती ढिली झालेली होतीच. तिथं खांड गेली, आणि ती बघता बघता एवढी रुंदावली की या काठावरून त्या काठावर दगड फेकला तर पाण्यात पडावा. त्या साली पीक सगळं गेलं. हिरवा अर्धा बांध मात्र जिथल्या तिथं उभा राहिला. लाटा त्याच्या माथ्यावरून गेल्या तरी राहिला. खांडीच्या एका काठावर गाव, दुसऱ्या काठावर पोशी, मधे खाडी. भाकर ठेवायचा दगडही वाहून गेला, आणि खांडीच्या ओढीत होडीही टिकेना.

भरती रोज येत होती, खांड बुजवता येईल इतकं पाणी उतरत नव्हतं. गाव रोज काठावर येऊन उभं राहायचं आणि समोरचा हिरवा बांध बघायचं. आपण काय केलं ते तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. तोंडानं कुणी म्हणत नव्हतं, एवढंच. पोशी पलीकडे फिरताना दिसायची. पावसाचं पाणी पीत असेल, चिंबोऱ्या धरून खात असेल. पण तिची भाकर किती दिवस गेली नव्हती, हे प्रत्येक घराला ठाऊक होतं.

एका दुपारी भरती पुरी चढलेली असताना येसू काठावर आली. हातात भाकर बांधलेलं फडकं होतं. ते फेकलं असतं तर पाण्यात पडलं असतं. ती तिथं उभी राहून राहून शेवटी ओरडली, "पोशे गो, जेवलीस का?"

सगळे जागच्या जागी थिजले. आता राहिलेला बांध जाणार, असं वाटून पाटलानं डोळे मिटून घेतले, म्हणतात. पलीकडे पोशी वाकून पेरं दाबत होती. तिनं हाक ऐकली, मान वर केली. आणि मग मागं वळून बघितलं, कुणाला हाक मारताहेत ते.

मागं टेंभ्यापर्यंत कुणी नव्हतं.

येसू मटकन खाली बसली. पाणी चढायचं तेवढं चढलं आणि वेळ झाल्यावर उतरलं. बांध उभाच. पाटलानं डोळे उघडले आणि तो तडक देवळात गेला. भगताला म्हणाला, कळ्या लाव. देवीला विचार, पोशीशी बोलायचं नाही ही तुझी इच्छा होती का? डावी कळी पडली. परत लावल्या. परत डावी. तेव्हा भगत पाटलाकडे बघायला लागला आणि पाटील भगताकडे. म्हैस विकायला ज्या गावानं कौल लावला, त्या गावानं हा कौल कधी लावलाच नव्हता.

पुढं पाणी उतरलं, गावानं खांड बुजवायला घेतली. पोशी पलीकडून टोपल्या भरभरून वेलीचे फाटे आणून ठेवायची. ओली माती पडली की ती वाकून पेरं दाबायची, आणि अलीकडून गावच्या बायका तिचं बघून दाबायच्या. दोन्हीकडून येत येत ज्या दिवशी बांध मधे मिळाला, त्या दिवशी हसुराम पाटलानं पायातल्या वहाणा काढून काठावर ठेवल्या आणि तो पहिल्यांदा पलीकडे गेला. सगळं गाव त्याच्या मागं. तिच्यासमोर जाऊन हात जोडून म्हणाला, "पोशे, चुकलो. घरी चल."

पोशी त्याच्याकडे बघत राहिली. तिचा आवाज खोल गेलेला, माणसांपुढं बोलायची सवय मोडलेली. तिनं घराचं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "मागं एका साली, शिमग्याच्या आधी, सकाळी रडणं ऐकू आलं होतं. कोण गेलं?"

पाटील खाली बसला, तिथंच, चिखलात. म्हणाला, "तुझी काकी गो. माझी बायको."

जिचं दूध पिऊन ती जगली तीच बाई. पोशी ते रडणं ऐकत बांधावर उभी होती, आणि दुसऱ्या दिवशी आलेली भाकर तिनं हुंगून बघितली होती. आता कुठं तिला कळलं. ती रडली, इतक्या वर्षांनी, आणि सगळं गाव तिच्याबरोबर रडलं. त्या माउलीचं दुसरं सुतक त्या दिवशी बांधावर पाळलं गेलं, असं सांगतात.

रडणं थांबल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आणखी सांगा. एकेकानं सांगा." मग एकेक घर पुढं येऊन बसलं. कोण जन्मलं, कोण मेलं, कुणाची पोर कुठं दिली, कोण गाव सोडून गेलं, कुणाचं भांडण मिटलं. दिवस कलेपर्यंत गाव सांगत होतं आणि ती ऐकत होती. घरी मात्र ती राहिली नाही. येसूनं हाताला धरून नेलं होतं म्हणे, पण चार भिंतींत तिला झोप लागेना. परत बांधावर आली. म्हणाली, इथंच बरी आहे मी, फक्त येत जा, बोलत जा. ती म्हातारी होऊन इथंच गेली. तिला कुठं ठेवली ते आम्ही दाखवत नाही, विचारू नका.

आजही खारवेढ्यात रोज एका घराची पाळी असते. दिवस कलायच्या आधी त्या घरचं एक माणूस अनवाणी बांधावर येतं, वेलीजवळ बसतं, एखादं सुटलेलं पेर दिसलं तर अंगठ्यानं दाबतं, आणि घरची बातमी सांगतं. मोठी असो, बारकी असो. पोरगी बारावी पास झाली, म्हाताऱ्याचा मोतीबिंदू काढला, भावाभावांत वाटणीवरून वाजलं, फ्रिज आणला. लपवाछपवी करायची नाही. सांगून झालं की उठायची घाई करायची नाही, थोडं थांबायचं. उत्तर काही येत नाही. तरी थांबायचं.

आज पाळी आमच्या घरची आहे. घर म्हणजे मी. मुलगा मस्कतला, सून-नातवंडं पनवेलला, आणि बायको गेली ते मीच इथं येऊन सांगितलं होतं. तेव्हापासून पाळी आली की पंचाईत होते. दारात म्हैससुद्धा नाही, की तिचं काही सांगावं. मागल्या पाळीला भात करपला तेवढं सांगितलं आणि उठलो. आज सकाळपासून विचार करत होतो काय सांगावं, तेवढ्यात तुमची गाडी आली. म्हणून तुम्हाला थांबवलं. आता एकेकानं नाव सांगा, गाव सांगा, घरी कोण कोण असतं ते सांगा. सावकाश सांगा, घाई नाही. मला ते तिला सांगायचंय.